हौशी प्रेक्षकाचे मत : वाशिम जिल्हा

हौशी चित्रपटप्रेक्षक म्हणजे ज्याचे मत कोणी विचारलेले नसते, छापणार तर कोणीच नसते, आणि तरीही ते दिल्यावाचून ज्याला जेवण जात नाही असा मनुष्य. तो समीक्षक नव्हे, कारण दिग्दर्शकाचे नाव त्याला ठाऊक नसते. तो भक्तही नव्हे, कारण नटाच्या फलकावर दूध ओतताना दुधाचा भाव त्याच्या डोळ्यांपुढे येतो. वाशिम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत, म्हणजे वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा येथे, ही जमात सारखीच पसरलेली आहे. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख भरली आणि त्यांतले पाचांत चार खेड्यांत राहणारे निघाले. येथील चित्रपटविषयक मताला शेताचा, एस.टी.चा आणि तहसील कचेरीचा वास येतो तो त्यामुळेच.

मल्टिप्लेक्सची ओळख बहुतेकांना अकोल्याला, अमरावतीला, नाही तर पुण्याला नोकरीत असलेल्या मुलाकडे गेल्यावर झाली. मुलगा हौसेने बापाला सिनेमाला नेतो आणि मध्यंतरात तीनशे रुपयांचा पॉपकॉर्न आणून हातात देतो. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे सहा किलो सोयाबीन देऊन एक डबा मक्याच्या लाह्या. हमीभाव बाजार समितीत पदरात पडेलच असे नसल्याने खरा हिशेब सात किलोंच्या पुढे जातो. गावी परतल्यावर बापाला चित्रपटाचे नाव आठवत नाही. हा हिशेब मात्र पुढची दोन वर्षे गावभर सांगितला जातो.

येथील मताचा पहिला विशेष असा की ते सहसा अख्ख्या चित्रपटावर आधारलेले नसते. जत्रेतल्या तंबूत पडद्याच्या मागच्या बाजूला बसून पाहिलेल्या चित्रपटात पाट्या उलट्या दिसत आणि नायक डाव्या हाताने लढे. १९८०नंतर व्हीसीआर आला. घरटी वर्गणी काढून रंगीत टीव्हीसह तो एका रात्रीपुरता भाड्याने आणायचा आणि पैसे वसूल करण्यासाठी ओळीने तीन पिच्चर लावायचे, अशी पद्धत होती. पहिल्या पिच्चरला गल्ली भरलेली, दुसऱ्याला माणसे भिंतीला टेकलेली, तिसऱ्याला यंत्र चालवणारा तेवढा जागा. तिसऱ्या पिच्चरबद्दल गावात कधी वाईट मत ऐकू आले नाही.

सध्या ही जागा पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने घेतली आहे. गाडी वाशिमहून निघते, रिसोडला थांबून उरलेल्या सीटा भरते, क्लीनर पुढच्या पडद्यावर पिच्चर लावतो. आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचत नाही, म्हणून मागच्यांना तो मूकपट असतो. पुढच्यांना आवाज इतका की चित्र पाहण्याची शुद्ध राहत नाही. मेहकर मागे पडले की जेवणासाठी गाडी थांबते. परत सुटते तेव्हा ड्रायव्हर दिवे मालवतो आणि त्याबरोबर पिच्चरही बंद होतो. अशा रीतीने जिल्ह्यातील हजारो प्रवाशांनी असंख्य चित्रपट मध्यंतरापर्यंत पाहिलेले आहेत. त्यांच्या दृष्टीने व्हिलन अजून मोकळा आहे, नायकाच्या बहिणीचे लग्न ठरलेले आहे आणि सर्वकाही बऱ्यापैकी चालले आहे. चित्रपटाबद्दल त्यांचे मत समीक्षकांपेक्षा उदार का, याचा उलगडा येथे होतो.

मत देण्याची जागा ठरलेली आहे: पानठेला किंवा कटिंगचे दुकान. पद्धतही ठरलेली आहे. सांगणारा पात्रांची नावे कधीच घेत नाही. ‘मग अमिताभ शशी कपूरले म्हन्ते’ अशी कथा सुरू होते. मोठ्या नटांचे असे निभते. पंचाईत होते ती दुय्यम नटांची. ‘थो व्हिलन कोण?’ असे विचारल्यावर उत्तर येते, ‘थो नाई का, त्या पिच्चरमधला इन्स्पेक्टर, ज्याची बायको पयलेच मरते.’ ‘कोन्त्या पिच्चरमधला?’ ‘ज्याच्यात धर्मेंद्र ट्रक चालवते.’ येथून मूळ चित्रपट बाजूला पडतो आणि धर्मेंद्रने ट्रक नेमका कोणत्या पिच्चरमध्ये चालवला यावर दाढी होईपर्यंत चर्चा चालते. मारामारीचा प्रसंग तोंडाने आवाज काढून सांगितला जातो, त्या वेळी न्हाव्याने वस्तरा थांबवायचा असतो. शेवट सांगायचा की नाही, हा शहरी प्रश्न येथे उद्भवत नाही. शेवट आधी सांगितला नाही तर ऐकणारा पिच्चरला जातच नाही. पैसे कशात घालायचे हे माणसाला आधी कळले पाहिजे.

निकालाचे शब्द थोडे आहेत. ‘एक नंबर’ हा सर्वोच्च. ‘पैसे वसूल’ हा त्याखालचा, पण जास्त विश्वासाचा. ‘टाईमपास’ म्हणजे गाणी बरी होती. ‘एक डाव पायाले हरकत नाही’ म्हणजे तिकीट दुसऱ्याने काढले होते. ‘डोक्यावरून गेला’ म्हणजे त्याला पुरस्कार मिळाला आहे. ‘बरा हाय’ याचा अर्थ स्वरावर अवलंबून असतो आणि तो निंदेपासून स्तुतीपर्यंत कोठेही पडतो. ‘भंगार’ हा शब्द सहसा ज्याने स्वतःच्या खिशातून तिकीट काढले तोच वापरतो.

या सर्व मतांच्या मुळाशी एकच नियम दिसतो, आणि तो समजला की बाकीचे आपोआप उलगडते. या प्रेक्षकाला मोठी थाप खुशाल पचते. बारकी थाप मात्र घशात अडकते. माणूस हवेत उडाला, चालेल. मेलेला जिवंत झाला, त्याहून चालेल. पण नांगर धरलेल्या नटाच्या धोतराची घडी मोडलेली नसेल, तर तो चित्रपट त्या क्षणी खोटा ठरतो.

पौराणिक चित्रपटांत हा नियम सर्वांत जुना. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. प्रेक्षकांनी हात जोडले. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा लोक चपला बाहेर काढून थिएटरात शिरत आणि पडद्यावर नाणी उधळत. जानेवारी १९८७ पासून दीड वर्ष दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागे. दोन बाण हवेत एकमेकांवर आपटून फटाक्यासारखे विझत, ढग कापसाचे असत, आणि कापूस पिकवणाऱ्या मुलखाला ते कापसाचे आहेत हे कळत असे. तरी कोणी चकार शब्द काढला नाही, कारण राम रामासारखा बोलत होता. २०२३ साली ‘आदिपुरुष’मध्ये ढगही खरे वाटत होते आणि लंकाही जळाल्यासारखी जळाली, पण मारुतीच्या तोंडी नाक्यावरच्या पोराची भाषा घातली आणि तेथे सगळे फसले. देशभर ओरड झाली, संवाद बदलावे लागले. वाशिमच्या पानठेल्यावरचा निकाल देशाच्या निकालाशी जुळल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

मारामारीचे चित्रपट, म्हणजे ‘फायटिंगचे’, हा सर्वांत लोकप्रिय वर्ग. यात ‘शोले’ (१९७५) आजही पहिला. रामगढ कर्नाटकातल्या रामनगरजवळ उभारले होते, याच्याशी येथे कोणाला कर्तव्य नाही. शहरातले चिकित्सक एक प्रश्न हमखास विचारतात: रामगढच्या हवेलीत संध्याकाळी कंदील लावावे लागतात, गावात वीज नाही, मग पाण्याची एवढी उंच टाकी आली कोठून आणि भरत होते कशाने? वाशिम जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला हा प्रश्न मुळीच पडत नाही. टाकी बांधून झाली, कनेक्शन व्हायचे आहे, ही स्थिती त्याच्या परिचयाची असते. टाकीचा उपयोग शेवटी कोणीतरी वर चढून मागण्या मान्य करून घेण्यासाठीच होतो, हेही त्याला वास्तवाला धरून वाटते. वीरूला खाली उतरवायला तहसीलदार आले नाहीत, एवढी एक उणीव तो नोंदवतो.

दक्षिणेकडचे डब केलेले चित्रपट हे त्याचे रोजचे खाद्य. टीव्हीवर दुपारी आणि मोबाईलवर केव्हाही. नायकाने एका ठोशात आठ माणसे उडवली की तो समाधानाने मान हलवतो. गाडी उचलून फेकली तर ‘जमलं’ म्हणतो. ‘पुष्पा’ (२०२१) मध्ये पोलिसांपासून वाचवण्यासाठी रक्तचंदनाचे ओंडके नदीत लोटून देतात. हा डाव सर्वांना आवडला, फक्त एका गोष्टीवर मतभेद राहिला: ओले ओंडके पाण्यातून परत काढायची मजुरी कोणी दिली? हंगामात माणूस मिळत नाही म्हणून स्वतःची शेते पडून राहिलेली असताना जंगलात एवढे मजूर एका हाकेला धावून येतात, हे त्यांना नायकाच्या पराक्रमापेक्षा अवघड वाटते.

‘सूर्यवंशम’ला वेगळे स्थान आहे. तो मे १९९९मध्ये आला, थिएटरांत बेताचाच चालला, आणि मग सेट मॅक्स वाहिनीने तो इतक्या वेळा दाखवला की तो पाहण्यासाठी काही करावे लागत नाही. टाळण्यासाठी करावे लागते. जिल्हा नवा आणि हा पिच्चर जेमतेम वर्षाने धाकटा, दोघे बरोबरच वाढले. अमिताभ बच्चन यांनी बाप आणि मुलगा दोन्ही रंगवले, याला हरकत नाही. एका गाण्यात नायकाची सगळी भरभराट होते, यालाही हरकत नाही. गाणे मोठे आहे. खिरीत विष आहे हे आता दुसरीतल्या मुलालाही माहीत असते. हरकत आहे ती निवृत्त झालेल्या कारकून मंडळींची. नायकाची बायको कलेक्टर होते आणि सासरच्याच मुलखात राहते. ‘होम डिस्ट्रिक्टला पोस्टिंग देतेच कोन?’ हा त्यांचा सवाल गेली पंचवीस वर्षे अनुत्तरित आहे. कचेरीत हयात घालवलेल्या माणसाला विष घातलेली खीर क्षम्य वाटते, बदलीच्या नियमाची पायमल्ली वाटत नाही.

भुतांचे चित्रपट येथे विनोदी म्हणून पाहिले जातात, आणि त्यामागे कारण आहे. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते. एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. रब्बीत हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायचे तर रात्रपाळीच्या लाईनीला बॅटरी घेऊन एकट्याने वावरात जावे लागते. तेथे खरा साप असतो, खरे रानडुक्कर असते, आणि मोटार सुरू करताना हात ओला असेल तर त्याहून खरे काही असते. असा माणूस रामसे बंधूंचा ‘वीराना’ (१९८८) पाहून घाबरावा ही अपेक्षा अवास्तव आहे. त्याचे लक्ष वेगळीकडे जाते. एवढा मोठा वाडा आणि राखणीला गडी नाही? दरवाजा करकरतो तर तेल का घातले नाही? ‘मुंज्या’ (२०२४) कोकणात घडतो आणि तो बराच चालला. येथील बुजुर्गांचे त्यावर एवढेच म्हणणे पडले की आपल्या पिंपळावरचा मुंजा जास्त शिस्तीचा आहे. ‘झपाटलेला’ (१९९३) हा एकच अपवाद. त्यातल्या तात्या विंचूने १९९०च्या दशकातल्या पोरांची झोप अशी उडवली की जत्रेतून आणलेल्या बाहुल्या रात्री कपाटात बंद करण्याची पद्धत पडली. ती पोरे आता बाप झाली आहेत आणि कपाटाची कडी अजून तपासतात.

विनोदी चित्रपटांत मतभेद जवळजवळ नाहीत, कारण ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) नंतर चर्चा संपते. दोन पुरुष साड्या नेसून बायका म्हणून खपतात, ही मोठी थाप, ती पचली. बारकाव्यांत मात्र हा पिच्चर अत्यंत काटेकोर असल्याचे मत मुले पुण्यात शिकायला ठेवलेल्या पालकांनी दिले आहे. एकट्या पोरांना खोली न मिळणे, मालकाच्या अटी, एकाच्या नावावर चौघांनी राहणे, हे सगळे त्यांनी स्वतः अनुभवलेले असते. फरक इतकाच की चित्रपटातल्या घरमालकीणबाई डिपॉझिटची पावती मागितल्यावर रागावत नाहीत. दादा कोंडके यांचे चित्रपट सर्वांनी पाहिलेले आहेत आणि घरी कोणीच पाहिलेले नाहीत.

शेतकऱ्यांवरचे चित्रपट हा या जिल्ह्यातील प्रेक्षकाचा खास विषय, आणि येथे तो निर्दय होतो. ‘लगान’ (२००१) त्याला मनापासून आवडला. सामना त्याने श्वास रोखून पाहिला. पण घरी येता येता हिशेब सुरू झाला. लगान माफ व्हावा म्हणून गाव तीन महिने क्रिकेटचा सराव करते. त्या तीन महिन्यांत मजुरीला कोण गेले? जनावरांना वैरण कोणी घातली? दुकानदाराने उधारी थांबवली कशी नाही? मग सामना जिंकताच पाऊस पडतो, आणि तेथे त्याचा संयम सुटतो. मृग कोरडा जावा, दुबार पेरणी करायला लागावी, आणि दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनची सोंगणी होऊन सुड्या उघड्यावर असताना नेमका धो धो यावा, हा पावसाचा स्वभाव ज्याने जन्मभर पाहिला, त्याला वेळेवर आलेला पाऊस म्हणजे शुद्ध विज्ञानकथा वाटते. ‘मदर इंडिया’ (१९५७) मधला सुखीलाला मात्र त्याला कधीच अतिशयोक्त वाटला नाही.

याच वर्गात त्याची एक जुनी तक्रार मोडते. मराठी चित्रपटातले खेडे बहुधा कोल्हापूर-साताऱ्याकडचे असते. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ कोल्हापुरात, मंडळी तिकडची, लावणीचे फड तिकडचे, तेव्हा कॅमेरा फिरवला की ऊस दिसणारच. त्यामुळे वऱ्हाडातल्या तीन पिढ्यांनी पडद्यावर स्वतःचे खेडे म्हणून दुसऱ्याचे खेडे पाहिले. त्यांना साखर कारखान्याच्या निवडणुकीतले डावपेच तोंडपाठ झाले, पण तिफण, डवरणी आणि सरकीचा भाव पडद्यावर येईना. ‘सामना’ (१९७५) मधले निळू फुले यांचे साखरसम्राट सगळ्यांनी मानले. फक्त एवढा ऊस पाहून ‘पानी कुठून आनते हे लोकं?’ असा हेवा कुठेतरी वाटत राहिला. पडद्यावरचा सरपंच आजही बहुधा फेटा बांधून, मिशीला पीळ देऊन वाड्याच्या ओसरीवर बसलेला असतो. महाराष्ट्रात २०११पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. गावातली सरपंच आता पुष्कळदा बाई असते, आणि ओसरीवर पीळ देत बसलेला तो सरपंचपती. हा एक बदल पटकथालेखकांच्या ध्यानात आला तर अनेक चित्रपट आपोआप विनोदी होतील. या बाबतीत ‘जाऊ तिथे खाऊ’ (२००७) ला पूर्ण गुण मिळतात. त्यात कागदावर खोदलेली विहीर चोरीला गेल्याची तक्रार होते. तो पिच्चर येथे विनोदी म्हणून लावतात आणि पाहणारे मध्येच गंभीर होऊन गट नंबर विचारतात.

प्रेमकथा म्हटले की ‘सैराट’. २९ एप्रिल २०१६ला, म्हणजे ऐन लग्नसराईत तो लागला. मुलगी ट्रॅक्टर चालवते म्हणून बायाबापड्यांना कौतुक वाटले. पुरुषांनी तिच्या क्लचवरच्या पायाकडे लक्ष दिले आणि ‘येते तिले’ असा दाखला दिला. त्या वर्षापासून जिल्ह्यातील एकही वरात ‘झिंगाट’शिवाय मांडवापर्यंत पोचलेली नाही. ज्या चित्रपटात मनाविरुद्धच्या लग्नाची शिक्षा म्हणून नवरा-बायकोला घरात येऊन मारतात, त्यातल्या गाण्यावर सोयरे-धायरे एकत्र नाचतात, आणि त्यातले निम्मे जातीबाहेर लग्न केलेल्या पुतण्याशी बोलत नसतात. शेवटाबद्दल वडीलधाऱ्यांचे मत असे पडले की तो नसता तर पिच्चर चांगला होता. चित्रपट त्यांना नीट समजला होता, याचा यापेक्षा पक्का पुरावा मिळणार नाही.

ऐतिहासिक चित्रपटांवर येथे मत नसते, उपस्थिती असते. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे अंगणातच. ‘पावनखिंड’ (२०२२) आणि ‘छावा’ (२०२५) यांना लोक ट्रॅक्सा भरून गेले. दाढीमिशा चिकटवलेल्या दिसल्या तरी कोणी बोलत नाही. घोडा मात्र तपासला जातो.

घरगुती, रडक्या चित्रपटांत वर सांगितलेला नियम चालत नाही, कारण येथे प्रेक्षक बाया असतात आणि त्यांचा कायदा वेगळा आहे. ‘माहेरची साडी’ (१९९१) आला तेव्हा खेड्यापाड्यांतून बाया बैलगाड्या आणि ट्रॅक्टर करून टॉकीजला गेल्या. तो मूळ राजस्थानी चित्रपटावरून घेतला होता, पण सासू सगळीकडची सारखीच असल्याने कोणाला शंका आली नाही. अलका कुबल यांचे हाल पाहून पदर भिजले. शेजारच्या खुर्चीवर स्वतःची सासू बसलेली असल्याने ते कोणासाठी भिजले हे कोणी विचारले नाही. सासवाही रडल्या, त्यांना त्यांची सासू आठवली. बत्तीस वर्षांनी ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) आला. त्याच वर्षी मार्चपासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट झाले होते. एकसारख्या साड्या नेसून गावागावांतल्या मंडळ्या अकोल्याला निघाल्या, येताना बाजार केला, आणि घरी पुरुषांनी प्रथमच कुकर लावला. पिच्चर कसा होता असे विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘आम्ही मस्त जेवलो.’ त्या चित्रपटाची यापेक्षा नेमकी समीक्षा कोणत्या वर्तमानपत्रात आली नाही.

इंग्रजी चित्रपट हिंदीत पाहिले जातात. ‘ज्युरासिक पार्क’मधल्या डायनासोरबद्दल एकच मत: पिकात शिरला तर भरपाई कोणत्या खात्याकडे मागायची? कारंजा-सोहोळ अभयारण्यातल्या काळविटांनी आणि शिवारभर फिरणाऱ्या रोह्यांनी हा प्रश्न आधीच शिकवलेला आहे. ‘टायटॅनिक’ (१९९७) पाहून जगभर वाद झाला की त्या फळीवर दोघे मावले असते की नाही. एस.टी.ने वाढलेल्या प्रेक्षकाला हा वादाचा विषयच वाटत नाही. तीनच्या सीटवर चौथा बसतो, पाचवा पोराला मांडीवर घेऊन टेकतो. ‘सरक ना माय थोडी’ एवढे म्हटले असते तर जॅक वाचला असता, असे येथील एकमुखी मत आहे.

उरले पुरस्कारवाले चित्रपट. त्यांना ‘शांत पिच्चर’ म्हणतात. ते थिएटरला येत नाहीत, आले तर सकाळच्या खेळाला येतात, आणि त्या वेळी माणूस वावरात असतो. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) विदर्भातला, कापसाचा, वऱ्हाडी बोलीचा. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर एक बायको आपल्या नवऱ्यावर सतत पाळत ठेवते, तो मात्र फक्त पावसाची वाट पाहत असतो, अशी त्याची गोष्ट. तो जगभरच्या महोत्सवांतून फिरला. ज्यांच्यावर तो होता त्यांच्यापैकी फार थोड्यांना तो पाहायला मिळाला. ज्यांनी पाहिला त्यांनी पेरणी तपासली, बियाण्याची उधारी तपासली, गिरीश कुलकर्णींचे हात पाहिले आणि काही खोट निघाली नाही. यावर त्यांनी दिलेले मत बरेच दिवस कळू शकले नाही, कारण ते काही बोललेच नाहीत, आणि हौशी प्रेक्षकाच्या बाबतीत ही गोष्ट फारच विरळा.

राहता राहिली भाषा, आणि हा शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक. वऱ्हाडी बोली पडद्यावर बहुधा गड्याच्या, हवालदाराच्या किंवा मूर्ख भाच्याच्या वाट्याला येते. ‘मला’च्या जागी ‘मले’ आणि ‘तुला’च्या जागी ‘तुले’ घातले की वऱ्हाडी झाली, अशी मुंबई-पुण्याची समजूत आहे. अमरावतीकडचे भारत गणेशपुरे टीव्हीवर बोलू लागले तेव्हा लोकांना कान धुतल्यासारखे वाटले, कारण त्या माणसाला ‘ले’ कोठे लावायचे नाही हेही ठाऊक होते. रिसोडची बोली मराठवाड्याकडे झुकते, कारंज्याची अमरावतीकडे, मानोऱ्याच्या तांड्यांवर गोरमाटी चालते. एकाच जिल्ह्यात हे सारे आहे, आणि नटाने चुकीच्या तालुक्याचा हेल काढला तर तो येथे पहिल्याच वाक्याला पकडला जातो. तेव्हा वऱ्हाडी पात्र लिहू पाहणाऱ्या पटकथाकारांनी शूटिंगच्या आधी चार दिवस मुक्कामाला यावे. चहा, जेवण आणि मत फुकट मिळेल. फक्त ऑक्टोबर टाळावा. सोंगणी असते, कोणाला बोलायला वेळ नसतो.